आबशारातली आसरा

दरोगासाहेब बैलांना 'आप' म्हणायचे.

"पवळेसाहब, आप जरा दम खाओ," असं म्हणून माझ्या मोटेच्या बैलाला थोपवायचे, आणि मी कासरा धरून खुळ्यासारखा बघत राहायचो. बैल थांबायचा पण. माझं ऐकत नव्हता, त्यांचं ऐकायचा. बैलाला उर्दू कळत होती का काय, देव जाणे. त्या माणसाचं मला काहीच नीट कळलं नाही. त्यांच्या हाताखाली मोट हाणली, रोज तोंड बघितलं, तरी ते खुळे होते का लय हुशार होते हे आज कुणी विचारलं तर मी गप बसतो. हिला कळले होते. निदान ती तसं म्हणायची. ही म्हणजे आमची मंडळी. मागच्या पौषात गेली. तिला विचारून घ्यायचं राहून गेलं.

निजामाचं राज्य होतं तव्हाची गोष्ट. परभणीत सरकारी बाग होती. तिथला दरोगा म्हणजे पोलिसातला नव्हे, बागेचा मुख्य. उंच, काटकुळा, हैदराबादचा माणूस. वैशाखातसुद्धा शेरवानीची गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली. घाम निथळायचा पण बटण सुटायचं नाही. बायको-लेकरं हैदराबादला हायेत म्हणायचे, पण कुणी कधी आलं नाही, आणि हे कधी गेले नाहीत. बागेतल्याच एका खोलीत राहायचे. फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं मी बघितलं नव्हतं. भाजीसुद्धा शिपाई आणून द्यायचा.

संध्याकाळ झाली की अख्खी परभणी बागेत. टांगेवाले, वकील, मोंढ्यातले अडते, बुरख्यातल्या बाया, पेडगाव-मानवतहून कचेरीच्या कामाला आलेली आणि गाडी चुकलेली माणसं. सगळे यायचे धबधबा बघायला. आता आमचा मुलूख सपाट, काळ्या रानाचा. इथं धबधबा कुठला? तो आम्ही करायचो. बागेच्या मागच्या अंगाला विहीर होती. दगडं रचून डोंगर केला होता, डोंगरावर हौद. मी दिवसभर मोट हाणून हौद भरायचा. दिवस कलला की दरोगासाहेब स्वतः वर चढायचे, हौदाचा बोळा काढायचे, आणि पाणी दगडांवरून धो धो खाली तळ्यात. उर्दूत त्याला आबशार म्हणतात. बोळा काढायच्या आधी फाटकावरचा शिपाई मोठ्यानं ओरडायचा, "आबशार छूटा! आबशार छूटा!" मग पोरं पळत सुटायची.

मी तिथंच विहिरीजवळ असायचो, म्हणून मला धबधबा मागून दिसायचा. मागून तो काही धबधबा नव्हता. फुटका हौद होता.

दरोगासाहेबांच्या डोक्यात सगळी बाग म्हणजे एक कचेरी होती. झाडं नोकर. एका आंब्याला फळ धरेना, तर त्याच्या बुंध्याला लाल चिंधी बांधली आणि म्हणाले, "ये मुअत्तल है." मुअत्तल म्हणजे कामावरून बाजूला केलेला. तव्हापासून त्याला पाणी द्यायचं तर विचारून द्यायचं. पुढच्या साली त्याला मोहर आला, तर चिंधी सोडली आणि चारचौघांत त्याला मुबारक दिली. फाटकाजवळच्या केळीचा तबादला करून तिला हौदामागं पाठवली. मी विचारलं, "साहेब, हिनं काय केलं?" तर म्हणाले, "कुछ नहीं. तबादला सजा थोडी है?" उन्हाळ्यात विहीर खाली गेली की धबधबा बंद. लोक यायचे, विचारायचे. दरोगासाहेब गंभीर तोंड करून सांगायचे, "आबशार दौरे पर है." एका अडत्यानं विचारलं, "कवा येनार?" तर म्हणाले, "बरसात के साथ." अडता मान हलवून गेला. त्याला वाटलं बरसात नावाचा कुणी साहेब असंल.

थट्टा करायचे म्हणावं, तर कधी हसताना बघितले नाहीत.

तळ्याच्या मधोमध पुतळा होता. कमरेवर घागर घेतलेली बाई. एक हात घागरीच्या काठाला, दुसरा हात डोईवरच्या पदराला. सिमिटाची होती, हैदराबादकडून रेल्वेनं आली. ती आली त्या दिवशी दरोगासाहेब सकाळपासून फाटकापाशी येरझाऱ्या घालत होते. गाडीवाल्याला सांगितलं, "स्टेशन से बुत लाना है. आहिस्ता लाना." बुत म्हणजे पुतळा. गाडीवाल्यानं ऐकलं भूत. बिचारा स्टेशनावर गेला, गोणपाटात गुंडाळलेलं माणसाएवढं काहीतरी हमालांनी गाडीत घातलं. वाटभर रामराम म्हणत आला. बागेत उतरवताना गोणपाट जरा सरकलं, आतून डोळा दिसला. ह्यानं दोर सोडला आणि पळाला. बाईचं नाक गेलं.

दरोगासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. मग मला सिमिट कालवायला लावून स्वतःच नाक बसवलं. आयुष्यात नाक केलं नव्हतं, लय लांब झालं. ते बघून म्हणाले, "अब इनका अपना नाक है."

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं पाण्यात आसरा असतात. साती आसरा. विहिरीत, डोहात राहणाऱ्या बाया. तान्ह्या लेकराला, बाळंतिणीला त्या धरतात, म्हणून त्यांचा मान त्यांना द्यावा लागतो. दहीभात, ओटी, हिरव्या बांगड्या. हे आमच्या बायांच्या रक्तात. आणि इथं रोज शिपाई ओरडायलाय, आबशार छूटा. खेड्यातल्या बाईनं काय ऐकावं? आसरा सुटली! समोर बघावं तर पाणी, पाण्यात बाई उभी. झालं. कुणीतरी पहिल्यांदा लिंबू ठेवलं, मग कुंकू आलं, मग खण-नारळ.

एक दिवस दोघी-तिघी बायांनी दरोगासाहेबांना गाठलं. मी बैल पाण्यावर आणले होते, तिथंच होतो.

एक म्हणाली, "साहेब, खरं सांगा. ही आमची आसराच हाय न्हवं?"

आता गंमत अशी की त्यांच्या उर्दूत पण आसरा आहे. आसरा म्हणजे आधार. दरोगासाहेबांनी धबधब्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हौ बाई. पानी तो सबका आसरा है."

बाया एकमेकींकडं बघून खालीच वाकल्या. सरकारचा माणूस कबूल झाला! चारठाण्यापर्यंत बातमी गेली. पुढच्या मंगळवारी तळ्याचं पाणी कुंकवानं लाल. दरोगासाहेब काठावर उभे राहून मला विचारतात, "इनको क्या हुआ? मैं क्या बोला?"

मला जमलं तसं समजावलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग रोज फाटकापाशी उभे राहून एकेका बाईला सांगायला लागले, "आसरा नक्को, आबशार बोलो. आ-ब-शार." बाया म्हणायच्या, "व्हय साहेब, आसराच."

आमच्या हिचं पण तेच. पण हिचं दुखणं खरं होतं. आमची पहिली दोन लेकरं हातची गेली होती. एक सव्वा महिन्याच्या आत, एक जरा पुढं. तिसऱ्या खेपेला दिवस गेले तव्हा ही मला न विचारता बागेत जाऊन नवस बोलून आली. लेकरू जगलं तर आसरेच्या हातात हिरव्या बांगड्या भरीन.

मी म्हटलं, "आगं, ते सिमिट हाय. नाक साहेबानं बसवलंय. मी गारा कालवून दिला."

"तुमी मोट हाना," ती म्हणाली. "ह्यातलं तुमाला कळत न्हाई."

पोरगी झाली. सव्वा महिना झाला, ठीक होतं. नवस फेडायला जाणार, तेवढ्यात बाग बंद झाली. कुणी शहाण्यानं वर कळवलं होतं की सरकारी बागेत देवी बसवली. हैदराबादचे मोठे साहेब बघायला येणार होते. दरोगासाहेबांना ताकीद आली, पुतळ्यावर कुंकवाचा ठिपका जरी दिसला तरी पुतळा पण जाईल आणि दरोगा पण. त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. राख आणि नारळाची शेंडी घेऊन स्वतः पुतळा घासला. बाई पांढरीफटक झाली.

आणि इकडं पोरीनं दूध सोडलं. अंग तापलं. हकिमाचा काढा दिला, गुण येईना. ही पोरीला छातीशी धरून भिंतीकडं बघत बसलेली. रडत नव्हती. दोन वेळा रडून झालं होतं. सकाळी उठली, पोरगी घेतली, बांगड्या पदराला बांधल्या आणि निघाली. मी मागं. म्हटलं, "माझी नोकरी जाईल." तर वळून म्हणाली, "नोकरी दुसरी मिळती."

फाटकापाशी दरोगासाहेब आले. गजातून बोलणं झालं.

"बाई, बाग बंद है."

"बाग न्हाई बगायची. आसरेचं देणं हाय, तेवढं देऊ द्या."

"वो आसरा नहीं है बाई. सिमिट है. नाक मैं बनाया. इनको पूछो."

"नाक तुमी केलं आसंल साहेब," ही म्हणाली. "बाकीची तर तुमी न्हाई ना केली?"

दरोगासाहेबांनी गजातून हात घातला आणि पोरीच्या कपाळाला लावला. हात तसाच राहिला. शिपायाला म्हणाले, "खोलो."

तळ्यापाशी आलो. दरोगासाहेबांनी जोडे काढले आणि शेरवानीसकट पाण्यात उतरले. कमरेपर्यंत पाणी. हिच्या हातून बांगड्या घेतल्या, पुतळ्याच्या हाताला लावून बघितल्या. घालणार कशा? एक पंजा घागरीला चिकटलेला, एक पदराला. काचेची बांगडी उघडत नाही. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. ही काठावर पोरगी घेऊन उभी, ओठ घट्ट.

मी म्हटलं, "राहू द्या साहेब. पायापाशी ठेवा. तिला पोचलं."

"पायापाशी न्हाई," ही म्हणाली. "हातात बोलले हाय."

दरोगासाहेबांनी मला छिन्नी-हातोडा आणायला सांगितलं. मला वाटलं घागरीपाशी जरा खरवडतील. त्यांनी छिन्नी सरळ पदराकडच्या मनगटाला लावली. मी ओरडलो, "साहेब, परवा मोठे साहेब येनार!" हिनं पण "आवं नका" केलं. तर ते हिच्याकडं बघून म्हणाले, "बाई, ये हाथ टूटा तो जोडना मेरेकू आता. बच्ची को कुछ हुआ तो जोडना नहीं आता."

आणि हातोडा घातला.

पंजा तुटून त्यांच्या हातात आला. तो त्यांनी हिच्याकडं दिला, धरायला. एका हातात पोरगी, एका हातात आसरेचा पंजा, अशी ही उभी होती. दरोगासाहेबांनी एकेक बांगडी तुटक्या मनगटातून चढवली. मी गारा कालवला. पंजा बसवला, आणि तो धरेपर्यंत ते दुपारभर पाण्यात तसेच हात दाबून उभे राहिले. नवीन लग्नात बाईचा हात धरून उभा राहावा तसे. मला हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं दूध घेतलं. आता काढ्याचा गुण म्हणा, आसरेचा म्हणा. ही आसरेचा म्हणायची. हकीम काढ्याचा म्हणाला. दरोगासाहेबांना मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसा मी आंब्याला विचारायलोय. म्हणाले, "दूध पीती है ना? बस."

मोठे साहेब आले. बरोबर कारकुनांचं लटांबर. दरोगासाहेबांनी बोळा काढला, पाणी पडलं, साहेब खूश झाले. मग पुतळ्याकडं बघितलं. कुंकू नव्हतं, हळद नव्हती. पण पांढऱ्याफटक हातात हिरव्या बांगड्या.

"ये चूडियाँ किसने पहनाई?"

"मैंने."

"क्यों?"

दरोगासाहेब जरा विचारात पडले. खरंच विचारात पडले, उत्तर शोधायलेत असं. मग म्हणाले, "औरत है हुजूर. हाथ नंगे थे."

एका कारकुनाला हसू फुटलं, त्यानं रुमाल तोंडाला लावला. साहेब लाल झाले. "ये बाग है या बुतखाना? उठाओ इसको यहाँ से." आणि टांग्यात बसून गेले. दरोगासाहेबांनी बांगड्यांचं खरं सांगितलं असतं, बाईचं नाव घेतलं असतं, तर कदाचित त्यांचं भागलं असतं. मग आमचं काय झालं असतं ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. मी बैलांना वैरण टाकत होतो, समोर शेरवानी. फाटकाबाहेर आलेला तो माणूस मला ओळखू येईना. रस्त्यात हरवल्यासारखे उभे होते. हिला म्हणाले, "बाई, हुकुम आया. आसरा को उठाना है. उठाते वक्त आप लोग क्या करते?"

आसरा म्हणाले. आबशार नाही, बुत नाही. हिनं माझ्याकडं बघितलं, मी हिच्याकडं.

हिनं सांगितलं. तिला वाहत्या पाण्यात पोचवायचं. निघताना दहीभात दाखवायचा, चल बाई तुझ्या घरी म्हणायचं. ते एकेक गोष्ट तोंडानं पुन्हा म्हणून बघत होते, पोरगा पाढे म्हणतो तसं.

माझ्याच बैलांनी तिला दुधनेवर नेली. सकाळची वेळ, नदीला बरं पाणी होतं. ही पोरगी घेऊन गाडीत बसली होती, एक हात पुतळ्यावर, खड्ड्यात आदळू नये म्हणून. दरोगासाहेब गाडीमागं चालत. आम्ही चौघा-पाचांनी तिला डोहात उतरवली. घागर बुडाली, खांदे बुडाले, लांब नाक बुडालं. बांगड्यांचा हात पदराला लावलेला होता, म्हणून तो शेवटी गेला.

दरोगासाहेब काठावर बघत राहिले. पाणी सपाट झालं तरी हलेनात. हिला घाई झाली, पोरगी रडायला लागली होती. म्हणाली, "चला साहेब. आता पाठ फिरवायची आन् मागं बगायचं न्हाई. बगितलं की ती मागं येती."

"नहीं देखना?"

"न्हाई."

"कब तक?"

पोरगी किंचाळत होती, दुपटं सुटलं होतं. ही वैतागून म्हणाली, "आवं, कवाच न्हाई! चला आता."

दरोगासाहेबांनी मान हलवली. पाठ फिरवली आणि चालायला लागले. लांब टांगा टाकत, शेरवानीची सगळी बटणं लावलेली. आम्ही गाडी जुंपेपर्यंत ते वळणावर दिसेनासे झाले. मी म्हटलं, "गाडीत बसा की साहेब!" हाक मारली दोनदा. बघितलं नाही.

बागेत आलो तर ते नव्हते. खोली उघडी, ट्रंक तिथं, हुक्का तिथं, ओट्यावर चहाची कपबशी. शिपाई म्हणाला, आलेच नाहीत. स्टेशनावरचा हमाल म्हणाला, हैदराबादच्या गाडीत बसले, खिडकीतून तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला करून. ट्रंक न्यायला कुणी आलं नाही.

लोक म्हणाले नोकरीवरून काढलं. कुणी म्हणालं, पुतळा गेला तसं डोकं गेलं. हुकुमाचं खरं-खोटं मला कळलं नाही. पुढं राज्यच गेलं, कुणाला विचारणार? पण हिनं ते मनाला लावून घेतलं. भाकरी थापता थापता थांबायची. "आवं, घरापर्यंत बगू नका आसं असतंय ते. जल्मभर बगू नका आसं कुठं असतंय? त्येस्नी कळायला नको?"

मी म्हणायचो, "आगं, त्यांची नोकरी गेली होती. तुझ्या बोलण्यानं कोन जातंय?"

"तुमाला म्हाईत न्हाई. ते ऐकनारं मानूस व्हतं."

म्हातारपणी पण म्हणायची. तो माणूस खुळा नव्हता म्हणायची, सांगितलेलं ऐकायचा एवढंच. त्यांनी हात तोडला ना, मी हातात बोलले म्हणून? मग? तसंच हे. मला ते पटायचं पण नाही आणि खोडून पण काढता यायचं नाही. एवढा शिकलेला माणूस बाईच्या वैतागाच्या शब्दाखातर घरदार सोडंल का? आणि त्यांचं घर तरी कोणतं होतं, बाग का हैदराबाद? विचार करायला लागलो की डोकं गरगरतं. ही असली की एक बाजू तिची असायची, एक माझी, भांडण तरी व्हायचं. आता दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात.

पोरगी जगली. मानवतला दिली, तिला नातवंडं आहेत.

पौषात हिला पोचवून निघालो. जावयानं पाणी दिलं, सगळे पाठ फिरवून वाटेला लागले. माझे पाय तिथंच. मी वळलो आणि बघत उभा राहिलो. जावयानं दंड धरला.

"मामा, बगू नाही. बगितलं की मागं येतंय."

म्हटलं, "यीऊ दे की."